कानात कापूस घालून सिनेमा पाहणारे काका

सिनेमाला जाताना कानात कापूस घालणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. आमच्या समोरच राहायचे. सराफ्यात एका सोनाराच्या माडीवर त्यांची खोली, आणि त्यांची खिडकी आमच्या खिडकीच्या इतकी समोर की त्यांच्याकडे दूध नासलं तर वास आमच्याकडे यायचा. हे काका रविवारी तीनच्या शोला जायचे आणि दिवे गेले की आईकडून मागून नेलेला वातीचा कापूस दोन्ही कानांत घट्ट कोंबायचे. गाणी, डायलॉग, बंदुका, सगळं वाया. मध्यंतरातसुद्धा काढायचे नाहीत; काढायची वेळ आलीच तर त्यानंतर. समोसेवाल्याला दोन बोटं दाखवायची, की तो दोन समोसे द्यायचा. तो त्यांना बहिरेच समजायचा.

घरी आले की आई विचारायची, "काय भाऊजी, कसा होता पिक्चर?"

उत्तरं दोनच. "कापूस काढावा लागला, वहिनी." म्हणजे पिक्चर भिकार. डोळ्यांना काही समजेना म्हणून कान उघडावे लागले. आणि वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या रविवारी गल्लीतूनच ओरडायचे, "नाही काढावा लागला!" त्या दिवशी त्यांचं जेवण आमच्याकडे, आणि लिंबाची फोड म्हणजे हिरॉइन, लोणच्याची बरणी म्हणजे तिचा बाप, तांब्या म्हणजे कॅमेरा असं सगळं ताटाभोवती मांडून आम्हाला आख्खा पिक्चर पाहावा लागायचा. बाबांना वरण वाढायला जागा राहायची नाही.

ते आमच्या फॅक्टरीत फोटो सेक्शनला होते. सेक्शन म्हणजे एक खोली, एक अंधारी कोठडी आणि हे. फॅक्टरी कोणती ते सोडा. जबलपुरात भोंगा वाजला की सायकली निघायच्या, नाव कोण विचारतं. तडकलेल्या पार्टांचे फोटो काढायचे, नव्या भरतीचे पासासाठी फोटो काढायचे, साहेब लोकांचे हारतुरे काढायचे, असं त्यांचं काम. पासाच्या फोटोत माणूस हसला तर रागवायचे नाहीत, पण कान दिसले नाहीत तर पुन्हा बसवायचे. "कान ओळखायला लागतात. ऐकायला नाही लागले तरी चालतील."

त्याआधी म्हणे ते कोल्हापूरकडे एका स्टुडिओत कॅमेऱ्याला होते. तिथून काहून निघाले याच्या सराफ्यात चार कथा होत्या. हिरॉइनवर जीव जडला, ही सोनारणीची. त्यांनी स्वतः सांगितलेली निराळी. एका सीनमध्ये नायिका ढसाढसा रडते आणि रडता रडता म्हणते, "मला रडू येतंय." हे म्हणाले, "ती रडतेय हे मला दिसतंय. मग ती सांगतेय कोणाला?" डायरेक्टर म्हणाला, पब्लिकला. हे म्हणाले, "पब्लिक आंधळं आहे का?" त्यावर डायरेक्टर जे म्हणाला ते आईसमोर सांगण्यासारखं नव्हतं. चलो, आले जबलपूरला.

त्यांच्या शबनम पिशवीत पाटीची चौकट असायची. मुलांची दगडी पाटी फुटली की लाकडी चौकट उरते ना, तीच. कोणाच्या मुलाची होती देव जाणे. रस्त्यात मध्येच थांबून ती डोळ्यांसमोर धरायचे आणि तिच्यातून पाहायचे. भाजीवाली, म्हैस, ट्रॅफिकचा शिपाई, कोणी सुटायचं नाही. माझ्या मावसबहिणीला पाहायला मुलाकडचे आले तेव्हा यांनी दारात उभं राहून चौकटीतून आधी मुलाला पाहिलं. सगळ्यांसमोर. आणि आईला आत बोलावून म्हणाले, "वहिनी, हा माणूस बशी उचलताना आधी इकडेतिकडे बघतो. नको." आई म्हणाली, "काहून हो, बशी उचलण्यावरून मोडू का सोयरीक?" सोयरीक झाली. मुलगा पुढे बरा निघाला, चार पोरं झाली, बहिणीने त्याला कायम मुठीत ठेवला. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबरच पाहिलं होतं मी. भित्रा होता."

बायकांच्या गप्पांत त्यांचा फार जाच. आई सांगू लागायची, "आज ती सोनारीण अशी काही चिडली!"

"म्हणजे काय केलं?"

"चिडली हो. राग आला तिला."

"ते तुम्हाला वाटलं. दिसलं काय?"

"अहो, पातेल्यावर झाकण आपटलं तिने!"

"हां. मग झाकण सांगा. राग दिसत नाही वहिनी, झाकण दिसतं."

आई वैतागायची, पण महिन्याभरात सगळी आळी झाकणं सांगू लागली. कोणी कोणाला वाईट म्हणेना. नुसतं म्हणायच्या, "तिने मला पाट दिला, पण पुसला नाही." तुम्हाला सांगते, आधीच्या शिव्या बऱ्या होत्या.

मी तेव्हा अठरा-एकोणीसची. मॅट्रिकला गणितात दोनदा बसले, दोनदा पडले, तिसऱ्यांदा बसायच्या आत लढाई लागली. बांगलादेशच्या आधीची ती लढाई. खिडक्यांना काळे कागद चिकटले, सायकलच्या दिव्याला अर्धा काळा रंग लागला, आणि फॅक्टरीत बायकांची भरती निघाली. बाबा टूलरूमला होते, त्यांनी मला चिकटवलं. सेक्शन भरणीचं. छोट्या पितळी टोप्यांत दारू दाबून बसवायची. गेटवर बांगड्या, आकडे, पिना सगळं काढून ठेवायचं. लग्न झालेल्यांचं मंगळसूत्रसुद्धा कापडात गुंडाळून जमा.

काम तसं सोपं. उजव्या हाताने टोपी मशीनवर ठेवायची. डावा हात डावीकडच्या पत्र्याच्या आडोशामागे न्यायचा. मग पायाने दाब द्यायचा. टोपी उडाली तर डावीकडेच उडते आणि पत्र्यावर आपटते. मला बाबांच्या मित्राने माझ्या मागे उभं राहून, माझी मनगटं धरून शिकवलं होतं. बाकीच्या पोरींना चौबेजी सुपरवायझर शिकवायचे.

माझ्या शेजारी फुलवा बसायची. बरगीकडची, माझ्याएवढीच, मासे पकडण्याच्या गोष्टी सांगून पोट दुखेपर्यंत हसवायची. भरती झाल्यावर नवव्या दिवशी तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. आवाज फार मोठा नव्हता. फुलवा ओरडलीही नाही. तिने हात पदरात गुंडाळला आणि चौबेजींना म्हणाली, "मैंने तो वैसा ही किया, साहब."

चौबेजी म्हणाले, "वैसा करती तो ऐसा होता?"

चूक फुलवाची, असा कागद झाला. तिला बरं झाल्यावर बारदानाच्या पिशव्या शिवायला पाठवलं. त्याच पंधरवड्यात दुसऱ्या एका पोरीचा अंगठा थोडक्यात वाचला. आणि पुढच्या महिन्यात आणखी चाळीस जणी यायच्या होत्या.

काका आले पासाचे फोटो काढायला आणि मी त्यांना हे सांगितलं. म्हटलं, बिचारीने खरंच तसंच केलं होतं. ते म्हणाले, "बिचारी दिसत नाही. हात कुठे होता ते सांग." मला सांगता येईना. मग दुसऱ्या दिवशी हे महाशय आमच्या सेक्शनच्या ट्रेनिंगच्या खोलीत कोपऱ्यात स्टुलावर. कानात कापूस, डोळ्यांसमोर पाटीची चौकट. चौबेजी समोर टेबलावर रिकामं मशीन ठेवून शिकवत होते, घसा फोडून, "सीधा हाथ! सीधा हाथ!" म्हणजे उजवा हात, आणि पोरी माना डोलवत होत्या. काका तासभर हलले नाहीत. मग कापूस काढला आणि मला म्हणाले, "बेबी, हा गृहस्थ पोरींसमोर तोंड करून उभा आहे."

"मग काय पाठ करून उभे राहतील?"

"त्याचा उजवा हात पोरींच्या डावीकडे येतो. कानाला ऐकू येतं सीधा, डोळ्याला दिसतं उलटं. माणूस नेहमी डोळ्याचं ऐकतो. बघ त्यांच्याकडे."

मी पाहिलं. बारा पोरी मांडीवर हात ठेवून मशीन नसताना सराव करून राहिल्या होत्या. बारांतल्या सात जणी डाव्या हाताने टोपी ठेवत होत्या आणि उजवा हात उजवीकडे नेत होत्या, जिथे पत्रा नव्हताच; डावा टोपीपाशी उघडाच. फुलवाने खरंच वैसा ही केलं होतं. आरशासारखं.

काकांनी चौबेजींना साधं सांगितलं, "पाठ फिरवून शिकवा." चौबेजी लाल. "जंग के दिनों में पीठ दिखाऊँ? वो भी लड़कियों को?" मग काकांनी अर्ज केला की शिकवण्याची एक छोटी फिल्म काढू, तिची जबाबदारी माझी. अर्ज मंजूर झाला. लढाईमुळे रोल दोनच मिळाले. एकेक पावणेतीन मिनिटांचा. मोठ्या साहेबांनी खाली लिहिलं की फिल्मच्या सुरुवातीला त्यांचं भाषण हवं.

आता काकांची एक लबाडी सांगते, ती फक्त मला आणि बाबांना ठाऊक होती. साहेब लोकांचे समारंभ ते रिकाम्या कॅमेऱ्याने काढायचे. कॅमेरा चावीचा. चावी दिली की वीस-पंचवीस सेकंद खर्र करून चालतो, आत फिल्म असो नसो. साहेबाला खर्र ऐकू आलं, त्याचं समाधान झालं. पुढे फिल्म विचारली तर "मुंबईला धुवायला गेलीय." मुंबईला गेलेल्या फिल्मा मोजल्या तर तिकडे अजून धूत बसले असतील. स्वतःचा घोटाळा नको म्हणून खूण ठरलेली. कॅमेरा रिकामा असला की मुठीला लाल धागा. "उपाशी माणसाला गंडा बांधावा तसा," म्हणायचे. फिल्म घातली की धागा काढायचा.

भाषण ठरलं विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. सकाळी काका लवकर आले, हातांचं शूटिंग दुपारी करायचं म्हणून रोल घालून ठेवला, धागा काढला, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि चहाला गेले. विचार असा, की साहेबांचा नेम नाही, नाही आले तर थेट हात घेऊ; आले तर रोल काढू, त्यांना रिकाम्यावर उरकू, पुन्हा घालू. आणि इकडे आम्ही बायका पूजेला लागलो. त्या दिवशी फॅक्टरीत एक पाना पूजेवाचून राहत नाही. लेथला कुंकू, वजनकाट्याला फूल, टाइपरायटरला पेढा. प्रत्येक मशीनला कलावा, म्हणजे पूजेचा लाल-पिवळा धागा. मी म्हटलं काकांचं मशीन काहून उघडं राहावं? कॅमेऱ्याला कुंकू लावलं, वर तांदूळ टाकले आणि मुठीला कलावा बांधला. छान दोन गाठी मारून. पूजेच्या गडबडीत त्यांच्या खुणेची आठवणच राहिली नाही. नमस्कारसुद्धा केला.

काका चहा पिऊन आले. धागा पाहिला. म्हणाले, वा, रिकामाच आहे, म्हणजे रोल घालायचं मी नुसतं मनात आणलं असेल.

मोठे साहेब आले. काकांनी रीतसर सांगितलं, "सर, यह साइलेंट कैमरा है, आवाज़ नहीं आएगी."

साहेब म्हणाले, "कोई बात नहीं, हम ज़ोर से बोलेंगे."

आणि बोलले. काकांनी नियमाप्रमाणे कापूस घातला. इतर वेळी एकेक सेकंद जपणारा माणूस, पण रिकामा आहे म्हटल्यावर काय उदार झाले! चावी देऊन राहिले, पुढे जाऊन राहिले, गुडघ्यावर बसून राहिले, साहेबांच्या मिशीच्या जवळ नेऊन राहिले. फिल्म असली की त्या कॅमेऱ्याचा आवाज जाड येतो, रिकामा असला की पातळ. माझ्यासारखीलाही कळायचं. पण मी लांब होते, आणि ज्याच्या हातात होता त्याच्या कानात माझ्याच घरचा कापूस.

दुपारी रोल घालायला त्यांनी झाकण उघडलं. आत रोल होता, आणि सगळाच्या सगळा दुसऱ्या चक्रीवर जाऊन बसला होता. काका खाली बसले. फरशीवरच.

"बेबी, धागा कोणी बांधला?"

मी खरं सांगितलं. वाटलं, आता हा माणूस मला मारतो की रडतो. ते नुसती चक्री फिरवत बसले, मग मलाच राग आला. म्हटलं, "काका, जगाला शिकवता दिसतं ते सांगा. तुमचा धागा नुसता लाल, माझा कलावा पिवळा-लाल. वर तांदूळ होते, कुंकू होतं. तुम्ही पाहिलंच नाही!"

ते बराच वेळ कॅमेऱ्यावरचे तांदूळ टिपत राहिले. मग म्हणाले, "खरं आहे. मला जे पाहायचं होतं ते मी पाहिलं." झाकण लावून म्हणाले, "आणि कान उघडे असते तर कळलं असतं. हे कोणाला सांगू नकोस."

आज सांगितलं. माफ करा काका.

तर उरला एक रोल. पावणेतीन मिनिटं, आणि चूक झाली तर चाळीस पोरी पुन्हा चौबेजींच्या समोर. चार दिवस काका आमच्याकडे येऊन आईच्या पोळपाटाला मशीन समजून माझ्याकडून हात फिरवून घेत होते. आई पोळ्या कुठे लाटत होती ते मला आठवत नाही. पाचव्या दिवशी एका रिकाम्या शेडमध्ये, दारूबिरू काही नाही, नुसत्या पोकळ टोप्या घेऊन आम्ही बसलो. उजेड कमी पडत होता म्हणून आईची पितळी परात चिंचेने घासून नेली होती. ती धरायला काकांनी पिशव्यांच्या शेडमधून फुलवाला मागून आणलं.

चौबेजी म्हणाले, "सामने से लीजिए, लड़की का चेहरा तो आए." काकांनी कॅमेरा माझ्या मागे नेला, उजव्या खांद्यावर, इतका जवळ की त्यांच्या तपकिरीचा वास यायचा. "चेहरा नको. बघणारीला वाटलं पाहिजे, हे माझेच हात आहेत."

अर्धा रोल माझ्या हातांचा झाला. मग फुलवा परात खाली ठेवून म्हणाली, "भैया, मेरा हाथ भी ले लो. देखेंगी तो डरेंगी, ध्यान रखेंगी."

काका म्हणाले, "नहीं. डरा हुआ हाथ काँपता है. वहाँ काँपनेवाला हाथ नहीं चाहिए."

फुलवा गप्प बसली नाही. म्हणाली, "तो मैं काम करके दिखाऊँ? सही वाला?"

काकांनी पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकलं. मला उठवलं, तिला बसवलं, परात माझ्या हातात आली. तिने उजव्या हाताने टोपी ठेवली, तीन बोटांचा डावा हात सावकाश पत्र्यामागे नेला आणि पायाने दाब दिला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा रोल संपला.

फिल्म धुऊन येईपर्यंत लढाई थांबली होती, पण भरती थांबली नव्हती. खिडक्यांचे काळे कागद अजून कोणी काढले नव्हते, त्यामुळे भर दुपारी थिएटर फुकटात तयार. भिंतीवर चादर. आधी साहेबांचा रोल. साहेब पावणेतीन मिनिटं तोंड उघडून मिटत होते, मिशी चादरीएवढी झाली होती, आणि आवाज काही आला नाही. पहिल्या ओळीने टाळ्या वाजवल्या. साहेब इतके खूश की दुसऱ्या रोलमध्ये काय आहे हे त्यांनी विचारलंही नाही, उठून गेले. तो रोल गेला तेव्हा जितका रडवून गेला, तितकाच त्या दिवशी कामाला आला.

मग हातांचा रोल लागला. काका पडद्याकडे पाठ करून उभे होते आणि पाटीची चौकट पोरींच्या मांड्यांकडे धरली होती. पहिल्या वेळी त्या नुसत्या पाहत होत्या. दुसऱ्यांदा लावली तेव्हा एकीचा उजवा हात उचलला गेला, डावा आपोआप डावीकडे सरकला. मग शेजारणीचा. मग फुलवाचे हात आले, आणि तेव्हा चाळीस डावे हात एकदम डावीकडे गेले. मागे उभे असलेल्या चौबेजींचासुद्धा.

ती फिल्म किती वर्षं चालवली ते मला ठाऊक नाही. चालवून चालवून फाटली. साहेबांची मात्र कुठल्या तरी कपाटात धडधाकट असेल.

काका गेले तेव्हा मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा होती. कॅमेऱ्याला कधी हात न लावलेले लोक त्यांच्या कलेविषयी बोलत होते. एक जण म्हणाले, आम्हाला फार दुःख झालं आहे. मी पर्समधून वातीचा कापूस काढला आणि दोन बोळे कानांत घातले. आवाज गेला आणि हॉल दिसू लागला. बोलणारा घड्याळ पाहत होता. हार अर्धा सुकला होता. शेवटच्या ओळीत फुलवा बसली होती, केस पांढरे झालेले, आणि तिच्या बाजूला त्या चाळिसांतल्या चौघी. पाचही जणींचे हात मांडीवर उघडे होते.

मी मोजली. फुलवाची दोन सोडली तर सगळी बोटं होती.